डोळे शाबूत असल्याचा पुरावा

चिरंजीव,

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, तू तर नाहीच. काल तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक गृहस्थ गळ टाकून बसला होता. त्याच्या दोरीवरचं तरंगतं बूच बुडालेलं मी इकडून त्याच्या आधी पाहिलं आणि "ओढा!" म्हणून ओरडलो. मासा एवढा निघाला, की तळ्याचं पाणी वीतभर खाली गेलं. असल्या डोळ्यांचं ऑपरेशन कशाला करायचं?

तेव्हा दहा वाजता गाडी आणू नकोस. सूनबाई अंघोळीला गेलीय, तोवर मी तळ्यावर सटकतो. सकाळपासून तीनदा पिशवी भरली, तीनदा रिकामी केली. जाडं लाल बूच घरीच ठेवलंय, ते आंधळ्यांसाठी. मी काडीसारखं बारीक घेतलंय. त्याचं नुसतं टोक पाण्यावर राहावं लागतं, म्हणून खाली दोरीला शिशाचे मणी लावायचे, तेही अगदी मोजके. काल धुऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाळत टाकले होते, ते एकेक पारखून डबीत भरले. सगळ्यात लहान गळातही दोरी पहिल्या फटक्यात ओवली.

डॉक्टरांना सांग, पुढच्या महिन्यात बघू. डोळ्यावर पट्टी बांधून बसायचं आणि ती सुटल्यावर काय दिसेल याची वाट बघायची, हे मला जमायचं नाही.

सूनबाई आलीच. पाठीमागे उभी राहून डबी उघडून बघते आहे, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणते आहे,

"बाबा, हे मिरे आहेत! तुमचे मणी अजून ओट्यावरच पडलेत. चला, चपला घाला."