दोन्ही-साहेबांचा सूड

२८ सप्टेंबर, रविवार
अपमान. जाहीर. तोही टीव्हीवर.
ऑफिसच्या लोकांनी आग्रह करकरून कॉलेज फुटबॉलच्या मॅचला नेलं. अमेरिकन फुटबॉल, जपानमधला. यात पाय क्वचित लागतो, डोकं त्याहून क्वचित. क्वार्टर संपला की टीम बाजू बदलतात हे मला कुणी सांगायला नको? उजवीकडे धावणारे ते आपले, असं मी धरून चाललो होतो. त्यामुळे समोरच्यांनी टचडाऊन केला तेव्हा अख्ख्या स्टँडमध्ये मी एकटा उभा राहून, दोन्ही हात वर करून ओरडलो. कॅमेरा बरोब्बर माझ्यावर. आणि सेंदाईच्या लोकल केबल चॅनेलचा तो म्हातारा कॉमेंटेटर, कुदो, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, म्हणाला: तपकिरी स्वेटरातले ते गृहस्थ बघा. काय न्यायी माणूस आहे! दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवतो.
हे मला घरी आल्यावर कळलं. जुईनं रेकॉर्ड केलं होतं. पोटची मुलगी. हसत हसत परत परत लावत होती.
ठराव: सूड.

३० सप्टेंबर, मंगळवार
ऑफिसात नवं नाव पडलंय. र्‍योहो-सान. म्हणजे 'दोन्ही-साहेब'.
आज रिव्ह्यूमध्ये जुना सर्व्हर ठेवायचा की बदलायचा यावर घोळ चालला होता. मी मत द्यायला तोंड उघडलं, तर मॅनेजर म्हणाला, र्‍योहो-सानना दोन्ही पटत असणार. हशा. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि मत ऐकायच्या आधीच निकाली. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानात, दूध घ्यायला गेलो तर काउंटरवरची मुलगीही हसली. ती रोजच हसते, पण आज वेगळं हसली.
कुदोला माइकवरून खाली उतरवल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. मुदत: सीझनची शेवटची मॅच, १६ नोव्हेंबर.

५ ऑक्टोबर, रविवार
मॅचला गेलो. शत्रूचा अभ्यास. त्याच्या खोलीच्या बरोब्बर खालची जागा मिळवली. कॉमेंट्री स्टँडमध्येही लाउडस्पीकरवर ऐकू येते, त्यामुळे पुरावा भरपूर.
खेळाडूंची नावं धडाधड चुकतो. सगळ्यांना घरातल्यासारखं पहिल्या नावानं हाका मारतो आणि तेही चुकीच्या. क्वार्टरबॅकला ताकेशी म्हणतो. तो ताकेशी नाहीच, हे कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. मध्येच थांबून चहा पितो. घोट स्पष्ट ऐकू येतो. बॉल हवेत असताना एका ढगाचं वर्णन करत बसला. (ढग चांगला होता, पण मुद्दा तो नाही.)
आणि लोक! त्याच्या खोलीबाहेर पायरीवर खोकल्याच्या गोळ्या, मफलर, घरच्या लोणच्याच्या बरण्या. देवस्थान करून ठेवलंय. त्याला खोकला आला तर अख्खा स्टँड चिडीचूप. मीही गप्प राहिलो, पण द्वेषानं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सैन्य जमवायला सुरुवात. कुदोच्या चाहत्यांची म्होरकी म्हणजे आबे-सान, तोफूच्या दुकानाची मालकीण. तो क्वार्टरबॅक तिचाच मुलगा. म्हटलं, आईच्या वर्मावर बोट ठेवू. माझ्या जपानीत तिला म्हणालो, हा माणूस तुमच्या मुलाचं नाव दर मॅचला चुकवतो, राग नाही येत?
ती म्हणाली, चुकवत नाहीत हो ते. ताकेशी म्हणजे माझा नवरा. तोही ह्याच टीममधून खेळायचा, तेव्हाही माइकवर कुदो-सानच. आता नवरा नाही. पण दर रविवारी मैदानात त्याला कुणीतरी मोठ्यांदा हाक मारतं. मी तेवढंच ऐकायला येते.
मग डब्यातला गरम तोफू माझ्या हातात ठेवला.
भावनिक लोक. यांच्याच्यानं क्रांती होणार नाही. तोफू उत्तम होता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी
बायकोनं, वृंदानं, खालच्या मजल्यावर चिवडा-चकल्या पाठवल्या. संध्याकाळपर्यंत तिकडून पर्सिमनची पेटी हजर. ओकाएशी! या लोकांना काही दिलं की परतफेड केल्याशिवाय घास गिळत नाही. वृंदा म्हणाली, आता आपण करंज्या पाठवू. म्हटलं, आवर, नाहीतर जन्मभर फळं खावी लागतील.
चकली खाताना युक्ती सुचली. सत्कार!
मला टोकियोतल्या तोयोसूच्या ऑफिसातून इकडे सेंदाईला पाठवलं, तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं होतं. तिथला नचिकेत तर रडला. त्यानंतर तिथून मला एकाचाही फोन नाही. माणसाला एकदा शाल पांघरली की विषय संपतो. मिटिंगला बोलवत नाहीत, मत विचारत नाहीत, खुर्ची दुसऱ्याला देतात. कुदोचं हेच करायचं, आणि लाइव्ह. शत्रू हसत हसत जाणार, वर आपलेच आभार मानणार.
वृंदा म्हणाली, पण तुझं तर प्रमोशन होतं ना?
ते वेगळं.

१ नोव्हेंबर, शनिवार
नचिकेतला फोन केला. म्हटलं, निशी-कसाईच्या इंडियन दुकानातून एक चांगला नारळ पाठव. तो म्हणाला, अरे, तू अजून जपानमध्येच आहेस? पहिल्यापासून विनोदी.
शाल माझीच देणार. वृंदा म्हणाली, अरे, ती तुझ्या सत्काराची, एकदाही पांघरली नाहीस. म्हटलं, शस्त्र आहे ते, पांघरायचं नसतं. ती बराच वेळ शालीची घडी नीट करत बसली.
जुईकडून चॅनेलला मेल करवला. लगेच उत्तर: आम्ही अत्यंत ऋणी आहोत, शेवटच्या मॅचला हाफटाइममध्ये अवश्य यावं. आपल्या हातानं खड्डा खणतायत बिचारे. जुई त्यावर जपानीत काहीतरी पुटपुटली, वृंदा फिसकन हसली. अर्थ विचारला तर दोघी म्हणाल्या, काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
कुदो गैरहजर. सर्दी. त्याच्या जागी एक तरुण. सगळी नावं अचूक, आकडे तोंडपाठ, चहा नाही, ढग नाही. लोक मान खाली घालून डबे खात होते. आबे-सान हाफटाइमलाच निघाली. मीही निघालो. थंडी होती म्हणून.
वाटेत विचार आला, हा असा परस्पर आजारी पडून गेला तर माझा सूड वाया. आल्याच्या गोळ्या घेतल्या आणि आबे-सानच्या दुकानात नेऊन दिल्या, म्हटलं पोचवा. शत्रू धडधाकट हवा.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी साडेसात: आज निकाल. तपकिरी स्वेटर मुद्दाम घातलाय. ज्यात अपमान, त्यातच सूड.

संध्याकाळी सहा: लिहावंसं वाटत नाहीये, पण शिस्त म्हणजे शिस्त.
हाफटाइमला गेलो. जवळून फारच लहानखुरा निघाला कुदो. शाल पांघरली तर गुडघ्यापर्यंत आली. नारळ त्यानं दोन्ही हातांत बाळासारखा धरला. मी घोटून घोटून तयार केलेलं विषारी वाक्य टाकलं: चाळीस वर्षं बोललात, आता विश्रांती घ्या. जुईनं भाषांतर केलं. पुरेसं विष ठेवलं की नाही, देव जाणे. वाक्य बरंच लांबलं आणि शेवटी ती वाकली.
कुदोनं माइक जवळ ओढला. चहाचा घोटसुद्धा घेतला नाही.
मग म्हणाला, आज मॅच संपल्यावर मी निरोप घेणार होतो. फक्त बायकोला माहीत आहे. पण एवढं जड काही खांद्यावर घेऊन तसंच निघून जाणं मला जमायचं नाही. परतफेड करायला माझ्याकडे आवाजाशिवाय काही नाही. तेव्हा पुढच्या वर्षीही येईन, त्याच्या पुढच्याही, घसा चालेल तोवर. ही माझी ओकाएशी.
म्हणजे तो जाणारच होता! मी घरी सोफ्यावर नुसता लोळत पडलो असतो तरी सूड पूर्ण झाला असता.
लोक उठून उभे. आबे-सान डोळे पुसतेय. आणि कुदो शाल सावरत कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, हे र्‍योहो-सान (नाव जुईनंच सांगितलं असणार). दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवतात. आज त्यांनी पहिल्यांदाच एक बाजू घेतली. माझी.
नंतर दुसऱ्या हाफमध्ये ताकेशीनं टचडाऊन केला. म्हणजे ताकेशीच्या मुलानं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी जुईनं रेकॉर्डिंग लावलं. कुदो 'पुढच्या वर्षीही येईन' म्हणतोय, आणि वाक्य संपायच्या आत, आबे-सानच्याही आधी, त्याच्या शेजारी एक तपकिरी स्वेटरवाला दोन्ही हात वर करून ओरडतोय. टीव्हीच्या कॅमेऱ्यांचा काही भरवसा नाही.
ऑफिसात आज सगळे वाकून भेटले. रिव्ह्यूमध्ये सर्व्हरचा विषय निघाला तेव्हा मॅनेजर चक्क उठला आणि म्हणाला, आधी र्‍योहो-सानचं मत ऐकू या. सगळे पेन घेऊन तयार. सेंदाईत आल्यापासून पहिल्यांदा.
तोंड उघडलं. आवाजच निघेना. कालच्यानं घसा ठार बसलाय. जुना की नवा, हातांनी दाखवायला गेलो, तर सवयीनं दोन्ही वर गेले.
मॅनेजरनं मान डोलावली आणि लिहून घेतलं: दोन्ही.