गुरुवारची खोली

४ ऑगस्ट, सोम.
कळव्याच्या शाळेने आमच्या गटाची गुरुवारची खोली काढून घेतली. मुख्याध्यापक म्हणाले, "पालकांची तक्रार आहे, मॅडम. बेवडे वर्गात बसतात म्हणतात." म्हटलं, सर, दारू सोडलेले बसतात. पिणारे कशाला येतील? चावी ठेवून घेतली. गटातल्या नऊ जणांना फोन, गुरुवारी शाळेत येऊ नका. विल्सनचा बंद.

६ ऑगस्ट, बुध.
डोंबिवलीला आमच्याच सोसायटीच्या हॉलसाठी अर्ज. सेक्रेटरीकाका: "तुम्ही कशा यात?"
"मी पण प्यायचे, काका. सात वर्षं झाली सोडून. म्हणून तर व्यसनमुक्ती केंद्राने या कामाला ठेवलंय."
कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. संध्याकाळी जिन्यात भेटले तर मोबाइलमध्ये डोकं. डोहाळजेवणं, किटी, सगळं चालतं त्या हॉलमध्ये.

८ ऑगस्ट, शुक्र.
काल मीटिंग नाही. केंद्राचे डॉक्टर म्हणे ऑनलाइन घ्या. कोणाकडे डेटा नाही, कोणाकडे दार लावून बसायला जागा नाही.
दुपारी विल्सनची बायको फिलोमिना: "त्याचा मोबाइल बिघडलाय. काल तो शाळेत गेलता. कुलूप बघितलं, मग घरी आलाच नाय."
दारू सोडून ९४ दिवस झाले होते त्याला. तो कामाला आहे ते खोपटचं गॅरेज माझ्या रोजच्या रस्त्यावर. पाच मिनिटं थांबून सांगता आलं असतं. नाही थांबले.

९ ऑगस्ट, शनि.
गॅरेजचा मालक: "काल आलेला. वास येत होता, परत पाठवला." डॉक्टर म्हणतात असं होतंच, रजिस्टरला 'गट सोडला' लिहा. नाही लिहिलं. खोली आम्ही सोडली, त्याने नाही.

१२ ऑगस्ट, मंगळ.
फिलोमिना केंद्रात आली. "आमची ओटी मोठी हाय. गुरुवारी तिथं बसा."
"आणि विल्सन?"
"कपडे घेऊन गेला, बोलला नाय. तो नाय म्हणून बाकीच्यांनी कुठं जायचं?"
तिच्यासमोरच बाकीच्यांना फोन लावले. सोसायटीच्या कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरु.
ओटीवर सात जण. शेजारीण खिडकीतून बघत होती. बघू दे.
अर्ध्यात विल्सन फाटकात. प्यायलेला की नाही, लांबून कळेना. आमच्यात पिऊन आलेल्याला हाकलत नाही, त्याने फक्त ऐकायचं. फिलोमिनाने एक खुर्ची फाटकाच्या आत नेऊन ठेवली.
बसला नाही. गेलाही नाही. खुर्चीची पाठ धरून उभा.
माझ्या शेजारी बसलेला आपलं सांगता सांगता थांबला होता. त्याला म्हटलं, तू बोल, थांबू नकोस.