दात बसू देत, मग बघतो

३ जानेवारी
ठरलं. वरच्या जबड्यात सगळे पक्के दात बसवून घेणार. हाडात स्क्रू, स्क्रूवर दात. कवळी इतिहासजमा.

कारण अख्ख्या वाचनालयाला माहीत आहे. तरी लिहितो, राग ताजा राहावा म्हणून. गेल्या वार्षिक सभेत मी सेक्रेटरीपदाला उभा होतो. भाषण ऐन रंगात होतं. ‘धिक्कार असो’ म्हणताना ‘धि’बरोबर कवळी सुटली आणि थेट सेक्रेटरीच्या टेबलावर जाऊन पडली. त्याने ती रुमालात उचलली आणि माइकवरून म्हणाला, वक्तेमहाराज, आपला मुद्दा इथे पडलाय. सभा खुर्च्या बडवून हसली. बायकोही हसली. खोकला होता म्हणते.

मतदानात मला एक मत पडलं. बायकोही सभासद आहे. या विषयावर घरात चर्चा झालेली नाही.

यंदाची सभा १९ एप्रिलला. तोवर दात. मग सूड.

६ जानेवारी
दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. स्कॅन पाहून म्हणाल्या, हाड भक्कम आहे. मी म्हटलं, कणाही. त्या म्हणाल्या, आ करा.

सिगारेट पूर्ण बंद करायला सांगितली, नाहीतर स्क्रू हाडात धरणार नाहीत. मी म्हटलं, आजपासून बंद. इतिहास इच्छाशक्तीनेच घडतो.

६ जानेवारी, संध्याकाळ
उद्यापासून.

१४ जानेवारी
सेक्रेटरीचे नवे गुन्हे: (१) खिडकीजवळचं वाचनाचं टेबल हलवून जिन्याखाली ठेवलं. (२) ‘शांतता राखा’ ही पाटी नेमकी माझ्या खुर्चीच्या वर ठोकली. दुसऱ्या कोणाच्या नाही. संतापाने एक ओढली. ही सिगारेट त्याच्या खात्यावर.

२७ जानेवारी
आता मात्र खरंच बंद. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहूनच ओळखलं. म्हणाल्या, काका, सिगारेट की शस्त्रक्रिया, एक काय ते निवडा. मी सूड निवडला.

२ फेब्रुवारी
उद्या. मनाची तयारी पूर्ण आहे. सेक्रेटरीचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, म्हणजे वेदना जवळ फिरकत नाही. भूल जेमतेम घ्यायची असं ठरवलंय.

३ फेब्रुवारी
भूल पुन्हा मागून घेतली. दोनदा. शास्त्राला सहकार्य केलं पाहिजे.

उरलेसुरले दात काढले, स्क्रू घातले, संध्याकाळी वर तात्पुरते दात पक्के केले. बायको सांगते की मी ओरडलो ते बाहेरच्या खोलीत ऐकू आलं आणि पुढचा पेशंट उठून घरी गेला. ते ओरडणं नव्हतं. घोषणा होती.

सूचना: बोलायचं नाही. बर्फ लावायचा. तीन महिने मऊच खायचं. कायमचे दात त्यानंतर.

५ फेब्रुवारी
चेहरा भोपळ्यासारखा. आणि अशा वेळी कोण यावं? सेक्रेटरी. तब्येत विचारायला!

मला बोलायची बंदी. म्हणून नुसता रोखून बघत राहिलो. सुजेमुळे एकाच डोळ्याने. तो मात्र तासभर बसला. त्याचा गुडघा, त्याची साखर, सून धड बोलत नाही, सगळं सांगितलं. बायकोने त्याला चहाबरोबर कुरकुरीत बिस्किटं दिली. त्याने ती माझ्यासमोर कडाकडा चावली. मुद्दाम. निघताना म्हणाला, आराम करा हो, सभेची काळजी करू नका. उघड धमकी. दारात बायकोला म्हणाला, इतकं मन लावून माझं कोणी ऐकलं नव्हतं वहिनी.

माझ्या मौनाने हादरला आहे.

१२ फेब्रुवारी
बोलायची परवानगी मिळाली. आरशासमोर उभा राहून पहिलं वाक्य टाकलं: सभासदहो, सापाच्या शेपटीवर पाय पडला आहे!

बायकोने स्वयंपाकघरात गॅस बंद केला. तिला वाटलं कुकर झाला.

‘स’ आला की शिट्टी. ‘श’ला त्याहून मोठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात नवे आहेत, जिभेला जागा शोधू द्या. रोज अर्धा तास पेपर मोठ्याने वाचा, महिना-दीड महिन्यात जाईल. म्हणजे मी, ज्याने चौकाचौकांत गर्दी थोपवून धरली, तो आता बाराखडी गिरवणार! एक प्राचीन वक्ता तोंडात गोटे धरून समुद्रावर बोलायचा म्हणतात. पण तो नवशिका होता.

१३ फेब्रुवारी
उद्यापासून पेपर वाचणार.

२ मार्च
पेपरात वाचण्यासारखं काही नसतं.

२० मार्च
एक तात्पुरता दात मोडला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लंत? मी म्हटलं, दही. त्यांनी चिमट्याने फटीतून भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. मी म्हटलं, दह्यात काय काय घालतात हल्ली. बायको म्हणाली, डबा मी लपवला होता हो, यांनी माळ्यावर चढून काढला.

घरचेच फितूर, तर परक्यांना काय बोलायचं?

५ एप्रिल
शिट्टी कायम. पण तोडगा सापडला. जिभेला वळण लावण्यापेक्षा भाषणालाच वळण लावायचं. ज्या शब्दात ‘स’, ‘श’ किंवा ‘ष’ येतो तो शब्द हद्दपार! अर्थ तोच, आवाज स्वच्छ. हे त्या गोटेवाल्यालाही सुचलं नव्हतं.

९ एप्रिल
काम वाटलं त्याहून किचकट आहे. ‘सेक्रेटरी’ म्हणता येत नाही. ‘हा माणूस’ही नाही. ‘गृहस्थ’ नाही. ‘शत्रू’ तर नाहीच. तूर्त ‘हे आपले मित्र’ असं घातलंय. अर्थात उपरोधाने.

‘सत्यानाश केला’ काढून ‘कायापालट केला’ घातलं. उपरोधाने. ‘हुकूमशाही’च्या जागी ‘यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही’. ‘सूड’, ‘कारस्थान’, ‘विश्वासघात’, ‘विषवल्ली’ सगळे गेले. राहिलेलं भाषण आटोपशीर झालं आहे. सुरीला पातं असलं की पुरे, नक्षी कशाला?

१५ एप्रिल
बायकोला भाषण ऐकवलं. ती म्हणाली, अगंबाई, छान आहे की! कोणाच्या सत्काराला जायचंय? तिला उपरोध कधीच कळला नाही. वर म्हणते, नव्या दातांनी वरचा ओठ पुढे आलाय, त्यामुळे चेहरा सारखा हसरा दिसतो, छान दिसता. मी डोळ्यांत अंगार आणून पाहिलं. ती म्हणाली, हां, अस्सेच हसा.

१८ एप्रिल
उद्या तो सगळ्यांसमोर मान खाली घालेल. सेक्रेटरीची खुर्ची माझी. पाटी मी स्वतःच्या हाताने उतरवणार. टेबल खिडकीशी. झोप लागत नाही, विजयाच्या आधी मोठ्या लोकांना लागत नसे.

१९ एप्रिल
हॉल भरलेला. ‘सेक्रेटरीपदासाठी नावं सुचवा’ असं अध्यक्ष म्हणाले आणि मी उठलो. गर्दी सावरून बसली. काही जण टेबलाजवळून मागे सरकले.

एकही शिट्टी नाही! शब्द न् शब्द हॉलच्या टोकापर्यंत. मी त्याच्याकडे बोट रोखून म्हणालो: हे आपले मित्र. यांनी एकट्याने या वाचनालयाचा कायापालट केला. यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. आता यांचं काय करायचं, ते तुमच्या हातात आहे!

सगळे एकमेकांकडे बघू लागले. घाव बसला होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून निवृत्त पोस्टमास्तर उठून गरजले, अनुमोदन!

मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, कळलं हो, सूचक तुम्हीच, नाव लिहून घेतो. आणखी कोणाचं नाव? नाही? बिनविरोध! हॉलभर टाळ्या. मी हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, जे म्हणायचंय त्यात पहिलाच शब्द ‘सभाशास्त्र’. बंद केलं.

सेक्रेटरी स्टेजवरून धावत आला, त्या गुडघ्यासह, आणि मला कडकडून मिठी मारली. रडत होता. म्हणाला, मी तुमची एवढी थट्टा केली आणि तुम्ही हे असं? पोस्टमास्तर म्हणाले, मन मोठं लागतं. बायकोने माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषणाला टाळ्या वाजवल्या.

२० एप्रिल
शांत डोक्याने विचार केला. त्याला सर्वांसमोर रडवलं, हे नाकारता येणार नाही.

३ मे
सेक्रेटरी घरी. त्याच्याही दाढा हलतात, त्यालाही असेच दात हवेत. विचारलं, फार दुखतं का हो? अखेर वेळ आली! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, मुळीच नाही. मुंगी चावल्यासारखं. भूलही जास्त मागू नका.

हे माझं सर्वोत्तम भाषण.

१७ मे, सकाळ
दवाखान्यातल्या बाकावर. त्याच्याबरोबर यायला घरचं कोणी तयार नव्हतं, म्हणून मी आलो. हा क्षण चुकवायचा नव्हता. माझ्या मांडीवर त्याचा चष्मा, घड्याळ आणि काठी. दाराला कान लावून आहे. अजून ओरडला नाही. ओरडेल.

१७ मे, दुपार
बाहेर आला. हसत. गाल सुजलेला, तरी अंगठा वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतका शांत पेशंट पाहिला नाही. विचारलं तर म्हणाले, मित्राने सांगितलंय दुखत नाही, म्हणजे दुखत नसणार.

त्याला बोलायची बंदी आहे. सुनेला मऊ जेवणातलं काही कळत नाही. बायकोने परस्पर कबूल करून टाकलंय: तीन महिने दोन्ही वेळचं सूप आणि कुस्करलेला बटाटा आपल्याकडून जाईल, आणि पोहोचवायला हे येतील.

बटाटा कुस्करतोय. गुठळी राहता कामा नये म्हणते.