साडूच्या गाडीवरची दोरी

रविवार, मोहाडी

साडू आज साळीले, आमच्या हिच्या बहिणीले, घेऊन पचमढीले फिराले निघाला. त्याची ती बिनटपाची लाल गाडी! दोनच माणसं बसतात, डिक्की डब्याएवढी. म्हणून बॅगा मागच्या कॅरियरवर. त्याले काही बांधता येईना. साळी म्हणे, "भाऊजी, तुम्हीच पाहा ना."

धानाचे भारे बांधतो ती दोरी आणली. मनात आलं, गाठ ढिली ठेवावी, पडू दे बॅग रस्त्यात. पण या हातांना ढिली गाठ जमतच नाही. कचकचून बांधली.

गाडी वळेपर्यंत आमची ही फाटकात उभी. मग म्हणे, "आपण कधी जाऊ जी?"

जळून राहिलो मी, दुसरं काय! लग्नाले बारा वर्षं झाली. पचमढी आम्ही पाहिली नाही. माझी दोरी पाहून येणार.