भिंतीवर माझं नाव नाही

१९ ऑगस्ट १९६६
आज पुन्हा भिंत वाचून आलो. माझं नाव नाही!
शिक्षण कार्यालयाची पुढची भिंत आता दिसतच नाही. नुसते मोठ्या अक्षरांचे कागद, एकावर एक चिकटवलेले. संचालक तुंग — ‘क्रांतीचा शत्रू’. हिशेबनीस — ‘जमीनदारांचा कुत्रा’. शिपायाचंसुद्धा नाव आहे, चहा देताना लवतो म्हणून. आणि उपसंचालक शांग, म्हणजे मी? कुठेच नाही.
सुटलो! घरी येऊन राळ्याची पेज पोटभर प्यालो.

२३ ऑगस्ट
तुंगदादांना लाल रक्षकांनी, त्या दंडाला लाल पट्टे बांधलेल्या क्रांतीच्या पोरांनी, शाळेतल्या कोळशाच्या खोलीत कोंडलंय. बाकीच्यांना झाडू मारायला लावलंय. मला कुणी काहीच सांगत नाही. जातो, खुर्चीवर बसतो, परत येतो.

१ सप्टेंबर
शाळा सुरू व्हायचा दिवस. तालुक्यात एकही घंटा वाजली नाही.

९ सप्टेंबर
नळावर तुंगदादांच्या पत्नी भेटल्या. कोबी धूत होत्या. म्हटलं, “वहिनी, काही लागलं तर सांगा.” त्यांनी घमेल्यातलं पाणी माझ्या पायाशी फेकलं.
“भिंतीवर तुमचं नाव तेवढं नाही, भावजी. बदल्यात काय दिलंत त्यांना?”
बाकीच्या बायकांनी बादल्या उचलल्या. निम्म्याच भरलेल्या — तरी गेल्या.
मी काहीच दिलेलं नाही! पण हे सांगू कुणाला?

१४ सप्टेंबर
खानावळीतला आचारी हळूच म्हणाला, “साहेब, तुम्ही जरा उशिरा येत जा. तुम्ही आलात की लोक बोलायचे थांबतात.”

२० सप्टेंबर
आज शाई घोटली. मोठा कागद पसरला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं — ‘शांग क्रांतीचा शत्रू आहे.’ अक्षर चांगलं आलं. मग चुलीत घातला. बायको, शूलान, जिवंत असती तर म्हणाली असती, वेड लागलंय तुम्हाला. म्हणायला तरी कुणी हवं होतं.

२७ सप्टेंबर
राहवलं नाही. पान चिंगला गाठलं. ही पोरगी आता लाल रक्षकांची पुढारी. दोन वर्षांपूर्वी तिला मास्तरीण म्हणून मीच नेमलं होतं.
“माझ्याबद्दल तुम्हाला काहीच विचारायचं नाही?”
ती हसली. “घाई झालीय का, गुरुजी? अहो, जे विचारू ते तुंग स्वतःवर घेतो. प्रवेश परीक्षा कुणी आणली? मी. जमीनदारांची पोरं शाळेत कुणी घेतली? मी. मग विचारलं, तुमचा तो शांग काय करत होता? तर म्हणे, ‘तो बैल आहे. दाखवाल तिथे सही करतो. त्याला काय कळतंय!’”
घरी कसा आलो, आठवत नाही.
दोन्ही गोष्टी माझ्या! पोरांचा दोष काय, म्हणून मीच भांडलो होतो. दादा तेव्हा घाबरले होते. शिक्का मारताना म्हणाले होते, “शांग, एक दिवस तू मला खड्ड्यात घालणार!”

२८ सप्टेंबर
वहिनींच्या दाराशी गेलो. त्यांनी कडी काढली नाही.

७ ऑक्टोबर
इथे कोंडलेल्यांना कबुलीजबाब लिहायला कागद देतात. त्यातलाच हा एक.
परवा शाळेच्या मैदानात सभा झाली. दादा मंचावर, डोक्यावर कागदाची उंच टोपी, गळ्यात तारेने बांधलेली पाटी. पुढचे दात पडलेले. पान चिंग ओरडली, “जमीनदारांची पोरं कुणी घेतली?” दादा म्हणाले, “मी.” लाथ बसली. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा “मी.”
मी उभा राहिलो. ओरडलो — “तो निर्णय माझा होता. परीक्षाही माझी. यांनी नुसता शिक्का मारला.”
दादांनी मान वर केली. नको, नको, असं डोकं हलवलं. मग लोक माझ्यावर धावले.
एक बरगडी मोडली असावी. पण काल वहिनींनी पिठाचे वाफवलेले गोळे पाठवले — पहारेकरी म्हणाला, “बाई सांगत होती, भावजींनाही द्या.” भावजी! रडू आलं. किती दिवसांनी गाढ झोपलो.

८ ऑक्टोबर
तुंगदादांना माझ्याच खोलीत आणलं. मी सरकून गवतावर जागा केली. ते बसले नाहीत.
“गाढवा! हे वेड कधीतरी संपेल. शाळा उघडायच्या तर त्या चालवायच्या कशा, हे ठाऊक असलेला एक तरी माणूस बाहेर राहावा, म्हणून मी दात पाडून घेतले.”
मग भिंतीकडे तोंड करून निजले.