ओठ मिटलेले, दात सुटे

प्रिय तेजल,

मी पाठवलेल्या मेथीच्या जुड्यांखाली हात घातलास तेव्हाच हे सापडलं ना? माझ्या लेकानं, ललितनं आजवर कधी भाजी निवडली नाय, म्हणून मुद्दाम तिथं ठेवलं. फोन केला असता, पण तो लगेच स्पीकर लावतो आणि तुला विचारलेल्याची उत्तरंही तोच देतो.

आधी माझ्या जबड्याची बातमी. भाकरी चावताना कानापाशी टक् वाजायचं ते तुला ठाऊकच हाय. मध्यंतरी जांभई दिली तर तोंड उघडं ते उघडंच अडकलं. शेजारच्या सुलाबाईला वाटलं मी तिला वेडावतेय, तर ती पण मला वेडावून निघून गेली! कान लय ठणकायचा म्हणून कानाच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला कान एकदम चांगला. मग म्हटलं दाढच असणार, टाकू उपटून. गेले दातांच्या योगिनी डॉक्टरकडं. पोरगीच हाय. 'आ करा आजी' म्हणाली. मी तोंड मिटून बसले. 'मावशी' म्हणाली तेव्हा उघडलं.

तिनं कानापुढं दोन्हीकडं बोटं ठेवली, उघडमीट करायला लावलं, गाल दाबून पाहिले. म्हणाली, दाढ ठणठणीत हाय, काढायची नाय. दुखतोय तो जबड्याचा सांधा, दात आवळून आवळून दमवलाय तुम्ही त्याला. मला खोटंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी झेंडू तोडताना ध्यानात आलं, फुलाला हात लावला की दात घट्ट! मग महिनाभर मऊ खाल्लं, गालाला शेक दिला, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. रात्री घालायला मापाची पारदर्शक टोपी दिलीय दातांना. सकाळी ती डबीत ठेवताना तुझ्या सासऱ्यांची कवळी आठवते. त्यांना चिडवायला किती लपवायचे मी ती! आता ते वरून हसत असतील. आणि तिनं एक नेम लावून दिलाय, काम नसेल तेव्हा ओठ मिटलेले, पण दात सुटे. मी म्हटलं, बाई गं, ओठ मिटायचं आम्हाला पाळण्यापासून शिकवलंय, दात सुटे ठेवा असं कोणी सांगितलंच नाय. लय हसली. अजून टक् वाजतं कधीकधी, पण दुखत नाय, आणि दुखत नसेल तर नुसत्या वाजण्याला भ्यायचं नाय म्हणे.

झोपेत दात खाता का, असंही तिनं विचारलं. म्हटलं, हे गेल्यापासून एकटी झोपते, सांगणार कोण? तर म्हणाली, ज्याचं त्याला कळत नाय मावशी, शेजारी झोपणाऱ्यालाच ऐकू येतं. तिथं माझी मस्करी थांबली बघ.

पाडव्याला तू ओमला घेऊन राहिलीस, माझ्याशेजारी झोपलीस. करकर ऐकून मला वाटलं मक्याच्या पोत्यात उंदीर शिरला. उंदीर नव्हता गं, तू होतीस. सकाळी कानशील दाबत चहा केलास, भाकरीचा नुसता पापुद्रा खाल्लास. त्याच दुपारी, सातपूरच्या कंपनीनं तुला परत बोलावलंय असं तू म्हणालीस. तुम्हाला न्यायला आलेला ललित म्हणाला, ओम तीन वर्षांचा हाय, राहू दे आता नोकरी. तू म्हणालीस, 'हं.' तोंड न उघडता देता येतं असं ते एकच उत्तर. आणि हीच तू, कंपनीत माल तपासताना मापात चुकलेला माल साहेबाच्या टेबलावर परत ठेवणारी!

म्हणून लिहिलं. बुधवारी योगिनीकडं तुझा नंबर लावलाय. सगळ्यांचं दुखणं सारखं नसतं, तुझं कशानं हाय ते ती तपासून सांगेल. टोपीनं दात वाचतील, पण गिळलेलं बोलणं काय टोपीनं बाहेर यायचं नाय. ते तू काढ. ललितला सरळ सांग, मी कामावर जाणार. ओमला कोण बघणार असं विचारलं तर म्हणावं, तुझी आई येतेय सोमवारी, चांगली मुक्कामाला. झेंडू सुलाबाई तोडेल. चिडला तर चिडू दे, त्याचा कान पिळायला मी तिथंच असेन.

आधी तुझीच, मग ललितची,
आई