काजळ्याचा नवा शेजार

दि. ३ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. (वि. फारशी नाही, तक्रारच आहे.)

जनावरांचे डॉक्टर आज येऊन गेले. काजळ्याच्या पुढच्या पायाची तुटलेली नस जुळली, पण त्याच्या पाठीवर आता जन्मात कुणी बसायचं नाही. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेत असा घोडा काय कामाचा? मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर कुणी नेला नाही, तर इंजेक्शन देऊन संपवणार.

घोडा शाळेचा असला तरी वाढवला बाबांनी, त्यांनी मागे ठेवलेलं हे एकच जितंजागतं. पाय सुजलाय, बसू नकोस, असं मी तुला दोनदा बजावलं होतं. तरी मित्रांपुढे मिरवायला तू त्याला कुंपणावरून उडवलंस. वर मालकीणबाईंना सांगितलंस की धाकटीनेच परवानगी दिली. तेव्हापासून माझं शिकवणं बंद. मी तबेल्यात लीद उचलते. खरं काय ते त्यांना कळव, आणि काजळ्यासाठी जागा बघ.

लोभ तुझ्याकडे शिल्लक असेल तर तो त्याच्या वाट्याला घाल.

तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण तू लहानपणापासून राईचा पर्वत करतेस. झालं ते झालं. माझ्या ऑफिसात माझ्या शब्दाला मान आहे, आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार? ज्याच्यावर बसता येत नाही असा घोडा कोण नेणार? डॉक्टरांचं ऐक. त्याला कळणारही नाही.

इकडे आमच्याच जिवाला घोर आहे. सासूबाईंनी हट्टाने शेजारचं घर घेतलं, मागच्या मोकळ्या जागेत दोन गाढवं पाळली. त्यातलं एक गेलं. उरलेलं खात नाही, पीत नाही, दिवसभर माझ्या खिडकीखाली ओरडतं. त्याला म्हणे सोबत हवी!

तुझी वहिनी आठवण काढते. आमची माया आहेच, ती नेहमीसारखी गृहीत धर.

तुझा,
दादा

दि. २२ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

किती गुणाचा रे माझा भाऊ! जागा तूच सुचवलीस. मी लगेच तुझ्या सासूबाईंना लिहिलं. लंगडा असला तरी चालेल, आमच्या गाढवाला कुठे त्याच्यावर बसायचंय, असं त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. गुरुवारी काजळ्याची गाडी निघेल.

पाय कशाने गेला, असं त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, दादा तिथेच होता, तो सगळं नीट सांगेल.

आता तुझं प्रेम रोज भिंतीपलीकडे दिसेल.

तुझी,
धाकटी

दि. १७ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तू दावा साधलास. सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत परीक्षेच्या वह्या तपासल्या आहेत. पहिल्या दिवशी मी सांगितलं, घोडा घसरला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाय गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना, सगळ्यांसमोर, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. तुझ्या वहिनीने खाली घातलेली मान वर केली नाही.

पण ते सोसलं असतं. मी सकाळी दार उघडलं की काजळ्या माझा आवाज ओळखतो. तो लंगडत, थांबत, भिंतीपर्यंत येतो आणि माझ्या खिशात गाजर शोधतो. मी त्याचं काय केलं हे त्याला कळतच नाही. धाकटे, मला ते बघवत नाही.

काल मी सगळं सांगून टाकलं. मालकीणबाईंनाही पत्र टाकलं आहे. आता तरी त्याला दुसरीकडे हलव. मी हात जोडतो.

रागावलीस तरी आपली म्हण.

दादा

दि. २६ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचलं. सोमवारपासून मी पुन्हा शिकवते आहे. ऐकताना मला आनंद झाला, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

काजळ्या हलणार नाही. गाढव आता पोटभर खातं, त्यांची ताटातूट कशाला? मात्र डॉक्टरांनी त्याला रोज सकाळी अर्धा तास दोर धरून चालवायला सांगितलं आहे. तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी तुझं नाव सुचवलं. त्यांनी आनंदाने मान्य केलं. रस्त्याच्या कडेने, त्याच्या चालीने चालायचं. तो थांबला की थांबायचं. पायाला काय झालं असं कुणी विचारलं, तर खरं सांगायचं.

तो बारा वर्षांचा आहे. नीट चालवला तर आणखी पंधरा वर्षं सहज काढील, असं डॉक्टर म्हणतात. त्यातल्या एखाद्या वर्षी मी तुला माफ करीन. मला घाई नाही.

तुझीच,
धाकटी